डावीकडची लाल चकती

१

चोरीला गेलेली वस्तू पंचवीस किलोची होती. लाल रंगाची, मधोमध भोक, रुंदी बरोबर एक हात. अशी वस्तू कोणी चुकून खिशात टाकून नेत नाही.

मापसाहेब दुपारी एक वाजता व्यायामशाळेत पोचले, तेव्हा सगळे एका बारभोवती माना खाली घालून उभे होते. घरात कोणी गेल्यावर उभे राहतात तसे. खरं तर मापसाहेबांना चारला बोलावलं होतं. पण अकरा वर्षं दुकानदारांचे काटे तपासून त्यांना तीन तास आधी जायची सवय लागली होती. ठरलेल्या वेळी प्रत्येक काटा बरोबरच असतो.

ते वजनमापे खात्यात निरीक्षक होते. वय चौतीस, स्वतःचं वजन छप्पन्न, आणि घरातली गॅसची टाकी त्यांची आई बदलायची. व्यायामशाळेत ते आयुष्यात पहिल्यांदाच येत होते, आणि आल्या आल्या त्यांना वाटलं की आपण दारातून आत आलोय हे अजून कोणाच्या लक्षातच आलेलं नाही.

अध्यक्षबाईंच्या लक्षात आलं. निवड समितीच्या या प्रमुख. त्यांनी सगळा प्रकार एका दमात सांगितला. सकाळी अकराला निवड स्पर्धेत इथल्या खेळाडूनं, ताईनं, एकशे पंचवीस किलो डोक्यावर उचललं. इतकं वजन तिच्या गटात कोणत्याही बाईनं आजवर उचललेलं नाही. पण विक्रम तेव्हाच धरायचा, जेव्हा उचललेला बार जसाच्या तसा त्याच दिवशी बाहेरच्या माणसाकडून तोलला जाईल. म्हणून बाईंनी बारच्या दोन्ही टोकांना सहीच्या कागदी पट्ट्या चिकटवल्या आणि सगळे जेवायला गेले. येऊन बघतात तर डावीकडची पट्टी फाटलेली आणि एक चकती गायब.

मापसाहेबांनी वही काढून हिशेब मांडला. बार पंधराचा. चकत्या निसटू नयेत म्हणून दोन टोकांना लावलेले चाप मिळून पाच. चार लाल चकत्या, शंभर. दोन छोट्या, पाच. एकशे पंचवीस. आता समोर होते शंभर.

"देशाच्या संघात एकच जागा आहे," अध्यक्षबाई म्हणाल्या. "नाव पाचच्या आत कळवायचंय. बार तोलला गेला नाही तर ताईची उचल बाद, आणि जागा दुसऱ्या नंबरला. पुढची संधी चार वर्षांनी. ताई आज सदतिसाची आहे."

"दुसरा नंबर कोणाचा?"

अध्यक्षबाईंनी खिडकीपाशी उभ्या असलेल्या एका मुलीकडे बोट दाखवलं. "तिच्या सख्ख्या बहिणीच्या मुलीचा."

२

इमारतीला दार एकच आणि दारात पहारेकरी. त्यानं छातीठोकपणे सांगितलं की सकाळपासून कोणी बाहेर गेलेलं नाही. आतल्या आत लोक इकडून तिकडे फिरले, पण जड पिशवी कोणाच्याच हातात नव्हती. पिशव्या उघडून पाहिल्या का, असं मापसाहेबांनी विचारलं. तो म्हणाला, बायकांच्या पिशव्यांत मी हात घालत नाही, माणसाच्या चालीवरून मला ओझं कळतं, वीस वर्षांचा अनुभव आहे.

तेवढ्यात एक मुलगी दोन्ही हातांत एकेक निळी चकती घेऊन शेजारून गेली. वीस किलोची एकेक. चहाच्या बशा परत ठेवायला निघावं तशी चालत होती, आणि चालता चालता मैत्रिणीशी सिनेमाबद्दल बोलत होती. मापसाहेबांनी वहीत लिहिलं: पहारेकऱ्याचा अनुभव या इमारतीत उपयोगाचा नाही.

मग त्यांनी चकतीवाल्याला गाठलं. बारवर चकत्या चढवायचं काम पंचवीस वर्षं करणारा हा पन्नाशीचा गृहस्थ घामाघूम झाला होता. चोरी मी केली नाही, असं त्यानं न विचारता तीनदा सांगितलं. चौथ्यांदा सांगताना त्याच्या तोंडून दुसरंच निघालं. स्पर्धेच्या चकत्यांपैकी एकीची मधली कडी सकाळी ढिली लागत होती. आयत्या वेळी काय करणार? शेजारच्या सरावाच्या खोलीतून तशीच एक लाल चकती आणली आणि चढवली. त्याच कंपनीची, त्याच रंगाची. कोणाला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर अध्यक्षबाईंनी अर्धा तास भाषण दिलं असतं.

ती चकती कोणत्या बाजूला चढवली? डावीकडे. म्हणजे नेमकी तीच नाहीशी झाली? त्यानं हात जोडले. साहेब, तेच तर. आता सगळे म्हणतायत ती पोकळ होती म्हणून. चढवताना तुम्हाला हलकी लागली का, हे मापसाहेबांनी विचारलं, तर तो उदास हसला. सकाळपासून माझा खांदाच धरलाय, म्हणाला. आज मला सगळंच जड लागतंय. वय झालं.

तिसरा होता ताईचा नवरा. पेशानं शिंपी. ताईचे कमरेचे पट्टे, गुडघ्याच्या पट्ट्या, तिची भलीमोठी कॅनव्हासची पिशवी, सगळं त्याच्या हातचं. मापसाहेबांनी आजवर पाहिलेल्या संशयितांमध्ये हा सगळ्यात प्रामाणिक निघाला, कारण त्यानं बसल्याबरोबर आपल्याकडे चोरीचं कारण आहे असं सांगून टाकलं. तिचं मनगट मोडलं तेव्हा दोन महिने तिची वेणी मीच घातली. गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा तिला जिना मीच चढवून नेत होतो, म्हणजे ती माझ्या खांद्याला धरत होती आणि मी कठड्याला. तिनं आता थांबावं असं मला रोज वाटतं. पण साहेब, ती चकती मला जमिनीवरून उचलता येत नाही. मी लग्नाच्या आधीच प्रयत्न करून पाहिलाय.

ताईची सगळी गोष्ट त्यानंच सांगितली. तिची आई या व्यायामशाळेच्या चादरी धुवायची. पंधराव्या वर्षी ताई ओल्या चादरींचं गाठोडं एका खांद्यावर टाकून दोन जिने चढून आली आणि विचारलं, कुठे ठेवू? इथे वजन उचलायला शिकवणाऱ्या वस्तादांनी ते गाठोडं काट्यावर ठेवलं. बेचाळीस किलो भरलं. वस्ताद म्हणाले, ठेवू नकोस. धरून उभी राहा. ती उभी राहिली. बावीस वर्षं झाली त्याला. सात वेळा देशात पहिली, दोनदा परदेशात उभी राहून गळ्यात पदक घालून घेतलं. फक्त एक आकडा तिला कधी जमला नव्हता, एकशे वीस. एकशे एकोणीस हसत हसत उचलायची. पण एकशे वीस असं जाहीर झालं की हात बारला लावण्याआधीच तिचा चेहरा पांढरा पडायचा. सहा वर्षांपूर्वी कसं कोण जाणे, तेही सुटलं.

"वस्ताद काय म्हणतात यावर?" मापसाहेबांनी विचारलं.

"वस्ताद काहीच म्हणत नाहीत. ती उचलते तेव्हा ते भिंतीकडे तोंड करून उभे असतात. बावीस वर्षांत त्यांनी तिची एकही उचल पाहिलेली नाही. पाहवत नाही, म्हणतात."

३

भाचीला काही विचारावं लागलंच नाही. ती तरातरा आली आणि म्हणाली, मावशीची जागा मला अशी नकोय, हा माझा मोबाइल, यात सकाळची उचल आहे, बघा आणि चोर शोधा. आणि सगळे मागून कुजबुजतायत की चकती हलकी होती म्हणून मावशीनं विक्रम केला. हे ज्यानं पहिल्यांदा म्हटलं त्याचं नाव मला हवंय. नाव मिळाल्यावर ती काय करणार, हे मापसाहेबांनी विचारलं नाही. तिचे दंड दिसत होते.

मोबाइल घेऊन ते जेवणाच्या खोलीत जाऊन बसले. गोंधळात अर्धवट राहिलेली जेवणं तिथे आता पुरी होत होती. समोरच्या टेबलापाशी जागा नव्हती म्हणून ताई भिंतीलगत प्लास्टिकच्या खुर्चीत बसून डबा खात होती. पिशवी मांडीवर आडवी, पिशवीवर डबा. मापसाहेबांनी तिला नमस्कार केला. तिनं डोळ्यांनीच परत केला, कारण तोंडात घास होता. मग ती उठली, पिशवी काखेत मारली, त्यांच्यासाठी पाण्याचा पेला भरून आणला आणि पुन्हा बसली. खुर्चीचे चारही पाय जरा बाहेर फाकले. खुर्ची जुनी होती.

मापसाहेबांनी चित्रफीत लावली.

पहिल्यांदा त्यांना काहीच कळलं नाही. एक बाई वाकली, बार खांद्यावर आला, थांबली, बार डोक्यावर गेला, तीन पंचांच्या होकाराचे तीन पांढरे दिवे लागले, बार खाली पडला. अकरा सेकंद. अकरा सेकंदांनी त्यांच्या लक्षात आलं की आपण श्वास घेतलेला नाही. दुसऱ्यांदा लावली तेव्हाही नाही घेतला. त्यांनी आयुष्यभर वजनं पाहिली होती, पण वजन म्हणजे दुकानातल्या पितळी ठोकळ्यावर कोरलेला आकडा. हा आकडा एका माणसाच्या डोक्यावर होता, आणि तो माणूस त्याच्याखाली सरळ उभा होता. रागानं नाही, जोरातही नाही. निजलेलं मूल खांद्यावर असताना कोणी दार वाजवलं की आई उभी राहते तशी.

सहाव्यांदा बघताना निरीक्षक जागा झाला.

बार खाली पडला तेव्हा त्याचं डावं टोक आधी आपटलं. जेमतेम डोळ्याची पापणी लवावी इतकं आधी. त्यांनी पुन्हा लावलं. पुन्हा डावं. त्यांनी मोबाइल टेबलावर ठेवला आणि दोन्ही हात पसरून हवेत काहीतरी धरलं. शेजारचा माणूस आपला डबा घेऊन उठून गेला.

बार म्हणजे तरी काय? एक दांडी, दोन टोकांना वजन, मधे आधार. हा तराजू होता. अकरा वर्षं ते दुसरं काही बघतच नव्हते. आणि तराजूचं कोणतं पारडं खाली जातं हे शाळेतलं पोरही सांगेल.

गायब झालेली चकती डावीकडची. सगळी व्यायामशाळा म्हणत होती ती हलकी होती. आणि तराजू म्हणत होता की ती जड होती.

४

सरावाच्या खोलीत वस्ताद एकटेच बाकावर बसले होते. सत्तरीचे, दोन्ही गुडघे वाकायचे थांबलेले, हातात घड्याळ. मापसाहेबांनी आपला काटा आणून जमिनीवर मांडला आणि परवानगी मागितली. वस्ताद म्हणाले, करा काय करायचं ते. पण काट्याकडे बघताना त्यांच्या तोंडचं पाणी पळालेलं दिसत होतं.

चकत्या ठेवायच्या लोखंडी घोडीवर तीन लाल चकत्या होत्या. चौथीची जागा रिकामी. मापसाहेबांनी पहिली चकती ओढली, कवटाळली, देवाचं नाव घेतलं आणि काट्यावर पाडली. पंचवीस किलो. दुसरीही पंचवीस. तिसऱ्या वेळी त्यांच्या पाठीत काहीतरी बोललं. काट्यावर आकडे फिरले आणि थांबले.

सव्वीस किलो दोनशे ग्रॅम.

"ही एकटी नसणार," मापसाहेब म्हणाले. "एकच भरली तर सरावात बार तिरका होईल. दोन असणार."

वस्ताद रिकाम्या जागेकडे बघत राहिले. तिथली चकती सकाळी कोणी नेली, कुठे चढवली, यातलं त्यांना काहीही ठाऊक नव्हतं. चकतीवाल्याचं सगळं सांगितल्यावर त्यांचा चेहरा आधी पांढरा झाला आणि मग त्यावर काहीतरी वेगळंच आलं.

"म्हणजे पोरीनं एकशे सव्वीस उचललं?"

"एकशे सव्वीस दोनशे. आणि एका बाजूला झुकलेलं."

मग वस्तादांनी सगळं सांगितलं. एकशे वीसच्या आकड्यानं पोरीला खाल्लं होतं. ताकद होती, पण आकडा ऐकला की संपलं. म्हणून सहा वर्षांपूर्वी त्यांनी दोन चकत्यांच्या मधल्या तबकड्या उघडल्या, मागे शिशाच्या कड्या बसवल्या आणि वरून तोच लाल रंग दिला. ती एकशे अठरा म्हणून उचलायची, ते असायचं एकशे वीस चारशे. महिनाभरानं त्यांनी स्पर्धेत एकशे वीस मागितलं. तिच्या अंगाला ते आधीच पाठ झालं होतं. मग एकवीस, बावीस, असं करत आजपर्यंत. तिला अजून काही माहीत नाही, आणि मरेपर्यंत कळू देऊ नका.

चकत्यांमध्ये फेरफार करणाऱ्या प्रशिक्षकाचा परवाना जातो. मापसाहेबांनी विचारलं नव्हतं तरी वस्तादांनीच ते सांगितलं, वेळापत्रक सांगावं तसं.

"शेवटचा प्रश्न. सरावानंतर या चकत्या जागेवर कोण ठेवतं?"

वस्तादांना हा प्रश्नच मूर्खपणाचा वाटला. ज्यानं उचललं त्यानंच ठेवायचं, एका हातात एक, दुसऱ्या हातात एक. इथला पहिला नियम. बावीस वर्षांत एकदाही मोडलेला नाही.

मापसाहेबांनी वही मिटली. चोर कोण ते त्यांना कळलं होतं, आणि ते कळल्याचा त्यांना अजिबात आनंद झाला नाही.

५

तीन वाजून गेले होते. जेवणाच्या खोलीत आता फक्त ताई होती. डबा संपला होता, पिशवी मांडीवरच होती, आणि ती भिंतीवरच्या पालीकडे शांतपणे बघत होती. मापसाहेब समोर बसले. त्यांनी आपला विचार तिला मोठ्यानं करून दाखवला. समोर जाणकार माणूस असला की हिशेब मोठ्यानं करावा, चूक झाली तर तो थांबवतो.

चोर थेट डावीकडे गेला. उजवीकडची पट्टी जशीच्या तशी आहे. म्हणजे त्याला दोन गोष्टी माहीत होत्या: एक चकती सदोष आहे, आणि ती डावीकडे आहे. अशा चकत्या अस्तित्वात आहेत हे वस्तादांना माहीत होतं, पण आज एक बारवर आहे हे माहीत नव्हतं. आणि ते भिंतीकडे बघत उभे असतात. चकतीवाल्याला डावीकडे बदललेली चकती आहे हे माहीत होतं, पण ती भरलेली आहे हे माहीत नव्हतं. त्याला वाटलं आपलं वय झालं. भाचीनं सगळं चित्रित केलं, पण तिला त्यात फक्त मावशी दिसली. दोन्ही गोष्टी कळू शकतील असं माणूस एकच होतं. ज्याच्या हातात तो बार होता.

"आणि तुम्हाला कळलंही," ते म्हणाले. "बार खांद्यावर आल्यावर तुम्ही थांबलात. तिथे तुम्ही दोन्ही हात दोन बोटं डावीकडे सरकवलेत. मी ते वीस वेळा पाहिलं. तुम्ही तराजूचा आधार सरकवलात ताई. सव्वाशे किलो मानेशी धरून."

पाल हलली.

"तुमची पिशवी मी धरू का जरा? दुपारपासून मांडीवर आहे."

ताईनं त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. त्यात अपमान नव्हता, काळजी होती.

"नको," ती म्हणाली. "तुमच्यानं नाही व्हायचं."

कबुली अशीच झाली.

तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. सहा वर्षांपूर्वी सराव संपवून दोन हातांत दोन चकत्या घेऊन ती घोडीकडे निघाली आणि चार पावलांत तिला कळलं की उजव्या हातातली चकती डावीतल्या आपल्या बहिणीपेक्षा जास्त जेवून आलीय. वस्तादांनी शिसं भरताना सगळा विचार केला होता, फक्त आपला स्वतःचाच नियम सोडून.

"मग बोलला का नाहीत?"

"बोलून काय करणार? सत्तरीला आलेला माणूस माझ्यासाठी स्टोव्हवर शिसं वितळवत बसतो, शेजाऱ्यांना काय सांगत असेल देव जाणे. आणि मी सांगू, वस्ताद, कळलं हो मला? त्यांना वाटायचं मी फसते म्हणून उचलते. मला वाटायचं, एवढं करतायत तर आपण उचललेलं बरं."

आज बार मांड्यांवरून वर आला तेव्हाच तिनं ती चकती ओळखली. रोजची ओळख. खाली टाकता आला असता, तक्रार करता आली असती, पण मग तिथल्या तिथे तोलून वस्तादांचं नाव निघालं असतं. म्हणून उचलला. आणि सगळे जेवायला गेल्यावर चकती काढून पिशवीत टाकली. विक्रम गेला तर गेला.

मापसाहेबांनी हळूच सांगितलं की वस्तादांनी आपल्याला सगळं सांगून टाकलंय. भरलेली दुसरी चकती आपल्या काट्यावर बसून आहे. अहवालात ते येणारच, ही सापडो वा न सापडो.

ताईनं पिशवीकडे पाहिलं.

"म्हणजे मी अकरापासून हिला उगाच जोजवतेय."

"हो."

"मी यावर जेवले."

"पाहिलं मी."

मग तिनं एकच मागणी केली. मला माहीत होतं, हे वस्तादांना कळता कामा नये. मापसाहेबांनी विचार करून सांगितलं की आपण वजनं लिहितो. कोणाला काय माहीत होतं, याचं माप खात्याकडे नाही. आणि चोरी हा तर वेगळाच विभाग आहे.

६

चारला सगळे बारभोवती जमले. चकती बाकाखाली सापडली असं मापसाहेब म्हणाले. पाच मिनिटांपूर्वी ताईनं ती तिथे ठेवली होती, त्यामुळे हे अक्षरशः खरं होतं. त्यांनी बार तोलला. एकशे सव्वीस किलो दोनशे ग्रॅम. कुजबुजणारे लोक एकदम आपापल्या बुटांकडे बघायला लागले.

अध्यक्षबाईंनी नियमांचं पुस्तक उघडलं. चकती कमी असो की जास्त, सदोष ती सदोष. उचल बाद. पण चूक खेळाडूची नसेल तर त्याच दिवशी एक जादा संधी द्यावी. पुढचं वाचताना त्यांचा आवाज खाली आला: फेरफार कोणी केला?

वस्ताद पुढे आले. परवान्याचं पुस्तक त्यांनी खिशात तयारच ठेवलं होतं, ते टेबलावर ठेवलं. मग ते ताईकडे वळले आणि म्हणाले, पोरी, सहा वर्षं मी तुला फसवलं. तू म्हणायचीस त्यापेक्षा तुझ्या हातात नेहमी जास्त होतं.

ताईनं डोळे मोठे केले, तोंडावर हात ठेवला आणि म्हणाली, "अगं बाई, खरंच?"

इतका वाईट अभिनय मापसाहेबांनी दुकानदारांतही पाहिला नव्हता. भाची छताकडे बघायला लागली. नवऱ्याला खोकला लागला. फक्त वस्तादांनी विश्वास ठेवला, आणि त्यांचे डोळे भरून आले.

साडेचार वाजले. मापसाहेबांनी स्पर्धेची एकेक चकती तोलून दिली. ढिली कडी आवळून चौथीही आली. चकतीवाल्यानं बार भरला, आणि या वेळी प्रत्येक चकती चढवताना तिचा आकडा मोठ्यानं सांगितला. ताई सकाळी अकराला एक जन्म जगून आली होती. त्यानंतर पाच तास बसली होती, पोटभर जेवली होती, आणि स्नायू थंड झाले होते. कोणत्याही पुस्तकात अशा वेळी एकशे पंचवीस उचलावं असं लिहिलेलं नाही. नवरा दाराच्या चौकटीला धरून उभा होता. ती पडली असती तर त्याला आनंद झाला असता का, हे त्यालाही सांगता आलं नसतं.

चौथऱ्यावर चढण्याआधी ताई मापसाहेबांपाशी थांबली. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"किती आहे?" तिनं विचारलं.

मागे वस्तादांनी मान हलवली. सांगू नका, कमी सांगा, काहीतरी सांगा. मापसाहेबांना ते दिसलं.

"एकशे पंचवीस," ते म्हणाले. "ग्रॅमही इकडेतिकडे नाही."

ती गेली. वाकली. खोलीत कोणाच्याही घड्याळाचा आवाज येईल अशी शांतता झाली. भाची सगळ्यांत आधी ओरडली, "उठ मावशी!" तिची स्वतःची जागा त्या बारबरोबर वर निघाली होती आणि ती घसा फोडून ती वर ढकलत होती. बार खांद्यावर आला. मापसाहेबांनी पाहिलं, हात तिथेच होते, एक बोटभरही सरकले नव्हते. मग ती खाली झुकली, आणि बार तिच्या डोक्यावर जाऊन थांबला. भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं वस्ताद विसरले. ते वळले होते आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा बघत होते. सत्तर वर्षांच्या त्या माणसाचं तोंड उघडं पडलं होतं.

एक. दोन. तीन पांढरे दिवे.

बार खाली पडला तेव्हा दोन्ही टोकं एकदम आपटली. मापसाहेबांनी वहीत काहीही लिहिलं नाही, कारण त्यांना पेन सापडेना. ते त्यांच्याच हातात होतं.

ताई चौथऱ्यावरून उतरली. भाचीनं तिला उचलून गोल फिरवलं आणि खाली ठेवलं. वस्ताद गुडघे न वाकवता, लाकडी बाहुलीसारखे चालत तिच्यापर्यंत आले. त्यांच्याकडे आता परवाना नव्हता आणि सांगायला एकही खोटा आकडा नव्हता.

"भ्यालीस का?" त्यांनी विचारलं.

"भ्याले."

"मग?"

ताईनं नवऱ्याच्या हातातला टॉवेल घेतला आणि मान पुसली.

"मग काय," ती म्हणाली, "भीत भीतच उचललं."